डोळ्यांना येणारे शब्द आणि कानांना येणारे शब्द

बरेच जण म्हणतात की चिनी विद्यार्थी जीआरईत (अमेरिकेत पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठीची परीक्षा) ढीगभर मार्क मिळवतात आणि अमेरिकेत आल्यावर साधं लेक्चर कळत नाही, म्हणजे घोकंपट्टीच. इतकं सरळ नाहीये ते.

चीनमधल्या मास्टर्सच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत इंग्रजीचा पेपर १०० मार्कांचा. शब्दसंग्रहाची यादी साधारण ५५०० शब्दांची, पण ऐकण्याचा विभाग २००५ पासून नाहीच. यादी वर्णानुक्रमे असते, त्यामुळे 'अबॅन्डन' (सोडून देणे) हा सुरुवातीचा शब्द सगळ्यांना पाठ, यावर तिथली पोरं स्वतःच विनोद करतात! पदवीच्या वेळच्या इंग्रजीच्या परीक्षा, सीईटी-४ आणि सीईटी-६ (आपली सीईटी नव्हे), वेगळ्या. तिथे एकूण ७१० मार्कांपैकी ३५ टक्के वजन ऐकण्याला आहे.

माझ्या लॅबमधला एक चिनी मित्र पेपर वाचताना आमच्यापेक्षा पुढे. एकदा गाईड म्हणाले 'फर्स्ट ऑफ ऑल', आणि हा नंतर मला हळूच विचारतो, "कुठला फेस्टिव्हल?" तिन्ही शब्द त्याला पहिलीपासून येत होते. एकमेकांत मिसळून आले की कान चुकतो. (आमच्या मराठी माध्यमवाल्यांनी हसू नये, मीही त्यातलाच.)

म्हणून शब्दसंग्रहाची चाचणी छापील यादीवर घेतली तर निम्मंच कळतं. तेच शब्द एकदा वाचायला द्या, आठवड्याने नुसते ऐकवा, तेही वाक्यात, आणि अर्थ चिनी भाषेत लिहायला सांगा. दोन आकड्यांमधली दरी हेच खरं निदान. नुसता एकत्रित स्कोअर पाहून शिकवणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही.