विरघळलेला ओझोन : प्लांटवर एक आकडा, कॉलेजात दुसराच

प्रश्न (जालना)
नमस्कार. आमच्या जारच्या प्लांटवर बोअरचे पाणी आरओमधून काढून शेवटी ओझोन देतो. जागेवर इंडिगो पद्धतीने (निळा रंग किती उडतो त्यावरून ओझोन मोजून) लिटरला 0.4 मिलिग्रॅम ओझोन मिळतो. पण तेच पाणी बाटलीतून छत्रपती संभाजीनगरला नेऊन कॉलेजातल्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (पाणी अतिनील प्रकाश किती शोषते ते मोजणारे यंत्र) 260 नॅनोमीटर तरंगलांबीला लावले, तर रीडिंग जवळजवळ शून्य येते. ब्लँक (ज्याचे रीडिंग वजा करतात तो तुलनेचा नमुना) डिस्टिल्ड वॉटरचा आहे. यंत्रात दोष असेल का?

उत्तर (लातूर)
यंत्राला बोल लावण्याआधी घड्याळ पाहावे. 20 अंश तापमानाच्या पाण्यातही साधारण वीसेक मिनिटांत ओझोन निम्म्यावर येतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याहून लवकर. तेव्हा आपण कॉलेजात पोहोचवले ते नुसते पाणी. इंडिगोचा रंग ओझोन तिथल्या तिथे उडवतो, म्हणून ती पद्धत जागेवर खरी ठरते. दुसरे असे की 260 ला ओझोनचा मोलर शोषण गुणांक (लिटरला एक मोल असताना एका सेंटिमीटरमध्ये किती शोषण होईल तो आकडा) सुमारे 3000 आहे, त्यामुळे 0.4 मिलिग्रॅमला एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायची पारदर्शक कुपी) ॲब्सॉर्बन्स, म्हणजे यंत्रावरचा शोषणाचा आकडा, जेमतेम 0.025 भरतो. पाच सेंटिमीटरचा क्युव्हेट घ्यावा, आणि तो क्वार्ट्झचाच. साधी काच या तरंगलांबीचा प्रकाश आत येऊच देत नाही.

प्रश्नकर्ता
यंत्र एक दिवसासाठी मागून प्लांटवर आणले. पाच सेंटिमीटरला 0.21 आले, म्हणजे हिशेबाने लिटरला 0.67 मिलिग्रॅम, इंडिगो मात्र 0.4 वरच ठाम आहे.

उत्तर (नांदेड)
क्युव्हेट उजेडासमोर धरून पाहिला का? आतल्या भिंतीला मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले असले, तर ते प्रकाश विखुरतात आणि यंत्र त्यालाही ओझोन समजते. शिवाय चवीसाठी आरओच्या पाण्यात थोडे कच्चे पाणी मिसळत असाल, तर त्यातले सेंद्रिय पदार्थ आणि लोह याच पट्ट्यात शोषण करतात, जे डिस्टिल्ड वॉटरचा ब्लँक वजा करू शकत नाही. ओझोन देण्याआधीचे पाणी ब्लँकला घेणे बरे, पण तेही पुरते खरे नव्हे, कारण ओझोन त्या सेंद्रिय पदार्थांचे शोषणही घटवतो. म्हणून मी तोच नमुना ओझोन पूर्ण उडेपर्यंत झाकून ठेवतो आणि त्याच क्युव्हेटमध्ये पुन्हा मोजतो.

प्रश्नकर्ता
कच्चे पाणी मिसळतो, हे लिहायचे राहिले होते. क्युव्हेटला टिचक्या मारून बुडबुडे काढले, तरी 0.20 राहिले; तोच नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी 0.07 दाखवत होता. फरक 0.13, म्हणजे लिटरला सुमारे 0.42 मिलिग्रॅम.