पार्किंगमधला तो घूंऽऽ आवाज

रविवार

ए-१०२ वहिनी, सकाळी ७:०५
नमस्कार. रोज सहा-सव्वासहाला पार्किंगमधून एक गाडी निघताना घूंऽऽ असा मोठा आवाज येतो. आमची खिडकी नेमकी त्याच्यावर आहे. बाळ दचकून उठतं आणि मग झोपत नाही. गाडी कोणाची ते ठाऊक नाही, पण जरा बघाल का?

ए-३०२, ७:११
वहिनी, ती माझी होंडा सिटी. खरंच सॉरी, तुमच्यापर्यंत आवाज येत असेल हे डोक्यातच आलं नाही. खांबामुळे गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागतं, तेव्हाच तो आवाज होतो. उद्यापासून रात्री गेटजवळ लावतो.

ए-१०२ वहिनी, ७:१३
थँक्यू भाऊ. 🙏

सी-२०१ सेक्रेटरी, ७:२०
गेटजवळची जागा आठवडाभर चालेल. पुढच्या शनिवारी गणेशचवथीचा मांडव घालायचा आहे, तेव्हा ती मोकळी लागेल. आणि तुमच्या जागेवर फरशीला लाल तेलाचे डाग आहेत, तेही बघा.

ए-३०२, ७:२६
बघतो. सगळ्यांना सांगून ठेवतो, कोणाला अनुभव असेल तर बोला. गाडी २००२ची होंडा सिटी, दीड लिटरची, बाबांनी घेतलेली. २०१७ आणि २०२२ला पुन्हा रजिस्ट्रेशन झालं, इंजिन अजून ठणठणीत आहे. जूनपासून हा आवाज सुरू झाला. काल एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडलं, एकदा स्टिअरिंग फिरवलं आणि म्हणाले, स्टिअरिंगचा पंप गेला, नऊ हजार. चवथीला आईला घेऊन केरीला जायचंय, म्हणजे डिचोली, साखळी करत सत्तरीपर्यंत. त्याआधी काय ते ठरवायला हवं.

बी-४०३, ७:४०
दादा, नऊ हजार देऊन मोकळे व्हा. जुनी गाडी आहे, पंप गेलाच असणार. माझ्या गाडीत पाच वर्षांत कधी असा आवाज आला नाही.

बी-१०४ काका, ८:०२
अरे बी-४०३, तुझ्या गाडीत हा पंपच नाही, आवाज कुठून येणार? तुझं स्टिअरिंग इलेक्ट्रिक मोटरचं. ह्याचं तेलाचं. इंजिनवरचा पट्टा पंप फिरवतो, पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने चाकं वळायला मदत होते. दोन्ही वेगळी दुनिया.

बी-१०४ काका, ८:०९
ए-३०२, तू अजून पैसे दिले नाहीस ना? देऊ नको. मी ३१ वर्षं कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बसच्या) वर्कशॉपमध्ये काढली. आवाज पंपातून येतो म्हणून पंप खराब, असा हिशोब नसतो. पंप ओरडतो तो बहुतेक वेळा तेल कमी पडलं किंवा तेलात हवा शिरली म्हणून. आधी हे चार प्रश्न बघ आणि लिही.
आवाज कसा आहे, बारीक चीं-चीं चिरकणारा की घशातून गुरगुरल्यासारखा?
स्टिअरिंग सरळ असताना येतो का?
ॲक्सिलरेटर दिल्यावर चढतो का?
स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीत तेल कुठवर आहे, रंग कसला?

ए-३०२, ८:३१
खाली जाऊन आलो. गुरगुरल्यासारखा आहे. सरळ असताना अगदी बारीक, वळवलं की मोठा. ॲक्सिलरेटरबरोबर चढतो. तेल खालच्या खुणेच्याही खाली. आणि काका, रंग गुलाबी आहे, वर फेस. अगदी सोलकढीसारखा. फोटो पाठवतो.

बी-१०४ काका, ८:४४
फोटो बघितला. गुरगुरणं असेल तर पट्टा नाही. पट्टा घसरला की चिरकतो, पावसात भिजल्यावर किंवा सकाळी पहिल्यांदा वळवताना जास्त. बेअरिंग गेलं तर स्टिअरिंग सरळ असतानाही खरखर चालूच राहते. तुझ्याकडे फेस आहे, म्हणजे हवा शिरते आहे.
पण मला दुसरीच गोष्ट खटकली. होंडाच्या ह्या गाडीत फिकट पिवळसर तेल असायला पाहिजे. लाल तेल म्हणजे एटीएफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. कोणी घातलं?

ए-३०२, ८:५२
मे महिन्यात एका ठिकाणी सर्व्हिसिंग केलं होतं. बिलात "स्टिअरिंग ऑइल टॉपअप" लिहिलंय. मी विचारलं नाही.

बी-१०४ काका, ९:०३
तिथेच सुरुवात झाली. पुष्कळ गाड्यांना लाल एटीएफ चालतं, त्यांच्या मॅन्युअलमध्येच तसं असतं, म्हणून सगळीकडे तेच ओततात. होंडा मात्र स्वतःचंच पॉवर स्टिअरिंग फ्लुइड वापरा म्हणते. दुसरं तेल घातलं तर सील, म्हणजे तेल अडवणारी रबरं, बिघडू शकतात. पुस्तिका काढून बघ, त्यात असेलच.

डी-२०३ काकी, ९:१०
आमच्या ह्यांच्या गाडीत गळती थांबवायचं औषध घातलं होतं, मिळतं दुकानात. ते घालून बघा.

बी-१०४ काका, ९:१८
नको वहिनी. ते सीलचं रबर फुगवतं, म्हणून चार महिने थेंब थांबतो. हवा कुठून शिरते ते मात्र त्याने सापडत नाही. इथे आधी हवा शोधायची आहे.

बी-४०३, ९:२१
काका, हवा आत कशी जाईल? गळती असेल तर तेल बाहेर येणार ना?

बी-१०४ काका, ९:४०
हे नीट लिहितो, कारण सगळे इथेच फसतात. पंपाला दोन बाजू. पुढच्या बाजूला प्रचंड दाब. टायरमध्ये आपण तीस पीएसआय भरतो, इथे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हजार पीएसआयच्या आसपास जातं. ती नळी फुटली तर तेल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. पण टाकीकडून पंपाकडे येणारी जी जाड नळी, तिथे पंप तेल ओढतो. म्हणजे तिथे ओढ असते, दाब नसतो. तिची क्लिप सैल झाली तर पुष्कळदा तेलाचा एक थेंबही खाली पडत नाही, हवाच आत खेचली जाते. फरशी कोरडी म्हणून गळती नाही असं समजू नका. आणि ती हवा पंपात बुडबुड्यांसारखी दाबली जाऊन फुटते, तोच तो आवाज. पंपाच्या पात्यांनाही त्याचा मार बसतो. म्हणून असाच चालवत राहिलास तर आज चांगला असलेला पंप दोन महिन्यांनी खरंच जाईल.

ए-३०२, ९:४५
मग फरशीवरचे डाग?

बी-१०४ काका, ९:४९
ते टाकीतून फेस वर चढून झाकणाकडून सांडले असतील. नाहीतर रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुटात तेल साठलं असेल. बूट दाबून बघू. अकराला खाली ये. जुना बनियन आण आणि ग्रीसचा डबा.

रविवार दुपार

ए-३०२, १:३२
काकांनी सांगितलं म्हणून सगळं लिहून ठेवतो, पुढे कोणाला लागेल.

आधी इंजिन चालू करून टाकीकडे बघत राहिलो. काकांनी बंद करायला लावलं, तशी तेलाची पातळी बोटभर वर चढली. काका म्हणाले, आत अडकलेली हवा दाब सुटल्यावर फुगते म्हणून तेल वर येतं. हवा नसेल तर पातळी फारशी हलत नाही.

मग टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीवर बोट फिरवलं. रबर कडक झालं आहे, वळवलं की चिरा दिसतात. पंपाकडच्या टोकाची स्प्रिंगची क्लिप गंजून तपकिरी. चिमट्याने दाबली तर ताणच नाही, बोटाने गोल फिरते. खाऱ्या हवेने आणि बावीस-तेवीस पावसाळ्यांनी तिचं जे व्हायचं ते झालं आहे.

पण काका तिथे थांबले नाहीत. म्हणाले, गंजलेली दिसते म्हणून तीच चोर असं धरायचं नाही. इंजिन बंद ठेवून त्या जोडाभोवती त्यांनी ग्रीसचा जाड थर लावला, अंगठ्याने सगळीकडे दाबून. पट्ट्यापासून हात लांब, मग मी इंजिन सुरू करून स्टिअरिंग वळवलं. आवाज निम्म्यावर आला! दोन मिनिटांनी ग्रीस आत ओढलं गेलं, मध्ये खळगा पडला आणि आवाज परत वाढला. तेव्हा मला पटलं. इतक्या वेळा गाडी गॅरेजला नेली, पण असं बोट ठेवून "इथे" म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं.

रॅकचे बूट दोन्हीकडे कोरडे आहेत. पट्टाही ठीक आहे.

बी-१०४ काका, १:४०
पंपाच्या तोंडाशी एक ओ-रिंग असते, तीही बदलायची. नळी काढणारच आहोस तर चार आण्याच्या रबरासाठी परत हात काळे कशाला करायचे?

ए-१०२ वहिनी, १:४४
म्हणजे नऊ हजार वाचले का?

बी-१०४ काका, १:४६
अजून म्हणू नका. जोड बसवून, तेल बदलून आवाज गेला तर वाचले. लाल तेलाने आत काय केलंय ते नंतर दिसेल.

बी-४०३, १:५०
काका, तोपर्यंत दादांनी गाडी चालवायची की नाही?

बी-१०४ काका, १:५८
पंप बंद पडला तरी स्टिअरिंग सुटत नाही, चाकाशी लोखंडाने जोडलेलं आहे. पण एकदम जड होतं. पर्वरी-म्हापसा हळू जा, चालेल. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आईला बसवून, डिकीत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळांचं) सामान भरून, पावसात, नको. आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवू नका, कोणीच. पाच सेकंदांच्या वर नाही. तिथे पंपाचा व्हॉल्व्ह उघडून तेल तिथल्या तिथे फिरतं आणि तापतं. टोकाला थोडा आवाज चांगल्या गाडीतही येतो, त्याला घाबरायचं नाही.

मंगळवार

ए-३०२, रात्री ८:१५
होंडाचं फ्लुइड, दीड फूट नळी, स्क्रूच्या दोन स्टेनलेस क्लिपा आणि ओ-रिंग मिळाली. नळी मागताना काकांनी सांगितलेलं वाक्य म्हटलं, "तेलाला चालणारी द्या, पाण्याची नको." दुकानदाराने आधी रेडिएटरची काढली होती, ती परत ठेवली.

बी-१०४ काका, ८:२२
बरं केलंस. पाण्याच्या नळीचं रबर ह्या तेलात मऊ पडतं. उद्या पाऊस थांबला तर पाचला.

बुधवार

ए-३०२, रात्री ९:४०
झालं. सविस्तर लिहितो.

टाकी सोडवून रिकामी केली. तळाच्या जाळीवर काळा चिखल बसला होता, नखाने खरवडला तर ग्रीससारखा लागला. तेल ओढायची वाटच अर्धी बंद. म्हणजे हवा एक कारण आणि ही जाळी दुसरं, काकांनी आधीच म्हटलं होतं की एकच कारण शोधून थांबू नको. जाळी स्प्रेने धुतली, पूर्ण वाळू दिली. नवी नळी, क्लिपा, ओ-रिंग बसवली.

मग परत येणारी नळी टाकीपासून सोडून प्लास्टिकच्या बाटलीत धरली. काका टाकीत नवं तेल ओतत राहिले, मी इंजिन थोडा थोडा वेळ चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकाला. लाल, मग गुलाबी, मग मळकट नारिंगी, आणि शेवटी ओतलं तसंच पिवळसर यायला लागलं तेव्हा थांबलो. टाकी एकदाही कोरडी पडू दिली नाही, नाहीतर केलेलं सगळं वाया. एका लिटरात भागलं नाही, दुसरी बाटली फोडावी लागली. जुनं तेल बाटलीत भरून ठेवलंय, गॅरेजमध्ये देईन. गटारात ओतणार नाही, आपलं गटार थेट खाली शेतात जातं.

हवा काढायला पुढची चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड लावले. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग वीस वेळा हळूहळू फिरवलं. प्रत्येक फेरीला टाकीत बुडबुडे वर येत होते आणि तेल खाली जात होतं. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू केलं.

बी-४०३, ९:४४
आवाज??

ए-३०२, ९:४६
जवळजवळ गेला. पूर्ण टोकाला अगदी बारीक आहे.

बी-१०४ काका, ९:५५
बारीक बुडबुडे तेलात विरघळल्यासारखे राहतात, दोन-तीन दिवस चालवल्यावर निघून जातात. रोज सकाळी इंजिन गार असताना पातळी बघ. शुक्रवारपर्यंत आवाज राहिला तर मग पंपाबद्दल बोलू. तेव्हाही आधी सील किट, मग पंप.

सी-२०१ सेक्रेटरी, १०:०१
फरशी साफ केल्याबद्दल धन्यवाद. मांडवाची वर्गणी अजून सहा जणांची बाकी आहे, त्यांनी कृपया उद्यापर्यंत द्यावी.

शुक्रवार

ए-१०२ वहिनी, सकाळी ८:३०
भाऊ, आज गाडी काढलीत का? मला काहीच ऐकू आलं नाही.

ए-३०२, ८:३४
सव्वासहाला काढली वहिनी, आणि माझ्या जुन्या जागेवरूनच, मुद्दाम. खांबाजवळ पूर्ण वळवून. बाळ झोपलं होतं ना?

ए-१०२ वहिनी, ८:३५
आठपर्यंत. 🙂

चवथीच्या आदल्या दिवशी

ए-३०२, संध्याकाळी ६:५०
केरीला पोचलो. साखळीच्या पुढे मुसळधार पाऊस होता. आई मागे केळ्यांचे घड सांभाळत बसली होती, म्हणाली, गाडी पूर्वीसारखी वळते. काका, उतरल्या उतरल्या बॉनेट उघडून बघितलं. तेल दोन खुणांच्या मध्ये, फेस नाही, नवी क्लिप कोरडी. इंजिन बंद केल्यावर पातळी हलली नाही.

बी-१०४ काका, ७:०४
बरं झालं. महिन्याने ती क्लिप एकदा पाव फेरा आवळ, नवी नळी दबून बसली की सैल होते. आईला नमस्कार सांग.

डी-२०३ काकी, ७:१५
काका, चवथ झाली की आमची मारुती इस्टीम बघाल का? तिचा चीं-चीं आहे.

बी-१०४ काका, ७:१९
चीं-चीं म्हणजे पट्टा, वहिनी. तरी गाडी गार असताना सकाळी बोलवा, ऐकल्याशिवाय सांगत नाही.