मदत हवी आहे: राजापूरकडच्या जुन्या घराचं आवार मोकळं करायचंय

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातलं आजोबांचं कौलारू घर बरीच वर्षं बंद होतं. घर अजून ठणठणीत आहे, पण आवारात पाय ठेवायला जागा नाही. रानमोडी आणि घाणेरी ही रानटी झुडपं डोक्याच्या वर गेली आहेत. जांभ्याच्या जोत्यात पिंपळ रुजलाय. त्याची बोटाएवढी मुळं चिऱ्यांच्या सांध्यांतून आत घुसली आहेत. छाटला की पावसाळ्यात पुन्हा तरारतो. जोतं न हलवता तो कायमचा कसा घालवायचा?

रानमोडी हिवाळ्यात फुलते आणि बी वाऱ्यावर पसरतं, म्हणून दिवाळीच्या आसपास, माती ओली असतानाच ती मुळासकट उपटायचं ठरवलंय. जाळायची नाही, शेजारी काजूची बाग आहे. तणनाशकही नको, विहीर लागूनच आहे आणि सगळी वाडी तिचं पाणी पिते. जेसीबी आणा असं जो तो सांगतो, पण दोन जुने रातांबे (कोकमाची झाडं) आणि सुरंगीचं फुलझाड मला काही झालं तरी वाचवायची आहेत.

मोकळ्या जागेत तण पुन्हा माजू नये म्हणून लगेच काय पेरावं? माझ्या मनात कुळीथ आहे. कोकणात कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.