मदत हवी आहे : २०० मीटरच्या ट्रॅकवर दुसऱ्या लेनचा स्टॅगर (बाहेरच्या लेनची सुरुवात पुढे घेण्याचं अंतर) ७.०४ की ७.६७ मीटर?

जिल्हा परिषद हायस्कूलच्या वार्षिक क्रीडास्पर्धांसाठी मातीवर फक्कीने २०० मीटरचा, सहा लेनचा ट्रॅक आखायचा आहे. सरळ बाजू ४० मीटरच्या, लेन १.२२ मीटरची. आतल्या कडेला कठडा (उंच काठ) नाही, म्हणून पहिल्या लेनची लांबी आतल्या रेषेपासून २० सेंमी बाहेर मोजली. आतल्या रेषेची त्रिज्या १८.९० मीटर येते. एकूण जागा साधारण ९२.५ × ५२.५ मीटर लागते.

अडचण स्टॅगरची. जुन्या वहीत दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर लिहिलंय. माझ्या मते तो आकडा कठडा असलेल्या ट्रॅकचा आहे, कारण तिथे पहिली लेन ३० सेंमीवर मोजतात आणि बाकीच्या २० वर. कठडा नसेल तर प्रत्येक लेनला आतल्या लेनपेक्षा सरसकट ७.६७ जास्त हवा. चुकलं तर दुसऱ्या ते सहाव्या लेनचं पोर प्रत्येक फेरीला ६३ सेंमी जास्त धावतं, आणि मग पंचांशी वाद ठरलेलाच! हे बरोबर आहे का?

दुसरं, शेवटची मानाची शर्यत ४ × १०० रिले. दोन फेऱ्या लेनमध्येच ठेवल्या तर स्टॅगर दुप्पट होऊन सहावी लेन ७६.६५ मीटर पुढे जाते. चार लेनमध्ये हीट्स (प्राथमिक शर्यती) घ्याव्यात, की पहिल्या फेरीनंतर लेन मोडू द्यावी, म्हणजे सगळ्यांना आतल्या लेनमध्ये येऊ द्यावं? लेन मोडली तर बॅटन बदलताना गर्दी होते, तिथे उभं राहण्याचा क्रम कसा लावता?

मोजायला स्टीलचा टेप आहे. सुती दोरी ताणली जाते, ती सुचवू नका.