मदत हवी आहे: बायोसची चिप बदलली, तरी स्क्रीन काळीच

राजवाडा_एक्सप्रेस (इंदूर): मंडळी, अर्जंट आहे. लॅपटॉपची बायोस चिप, म्हणजे मशीन सुरू करणारी, घरीच बदलली. सोल्डरिंग साफ झालंय, भिंगातून पाहिलं. दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. काय राहिलं असेल? दुकानात न्या म्हणू नका, तिथूनच आलोय. थेट मदरबोर्ड बदला म्हणतात.

निवृत्त_फिटर: मॉडेल कोणतं? चिप बदलायची वेळ का आली?

राजवाडा_एक्सप्रेस: मॉडेलने काय होणार आहे? बायोस अपडेट चालू असताना लाईट गेली, तेव्हापासून ठप्प. जेल रोडवरून नवी चिप आणली, आठ पायांची, अगदी तशीच.

फ्लक्सप्रेमी: हॉट एअर गन कितीवर होती? आधी जुन्या सांध्यांवर शिशाचं सोल्डर चढवायचं असतं. कारखान्यातलं बिनशिशाचं २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं असलेलं १८३ लाच. दोन्ही मिसळलं की चिप अलगद सुटते, बोर्डवरचे तांब्याचे पॅड उखडत नाहीत.

निवृत्त_फिटर: अहो, चिप सुटली, नवी बसलीसुद्धा. प्रश्न पुढचा आहे.

फ्लक्सप्रेमी: पॅड उखडला असेल तर प्रश्न तोच आहे.

बडोद्याचा_बाळ्या: आता कशाला एवढा खटाटोप? आमच्या गुजरातेत साणंदला मायक्रॉन, धोलेऱ्याला टाटा. चिपा भाजीसारख्या मिळतील बघा.

निवृत्त_फिटर: साणंदला चिपांचं पॅकिंग आणि टेस्टिंग असतं हो, आणि तेही मेमरीचं. यांच्या लॅपटॉपला त्याचा काय उपयोग?

सुदामानगरकर: नव्या चिपमध्ये बायोस भरला होता का?

राजवाडा_एक्सप्रेस: भरला म्हणजे? पाकीटबंद नवी चिप आहे.

सुदामानगरकर: मग ती रिकामी आहे. प्रोसेसर सुरू होताना पहिल्या सूचना तिथूनच घेतो. तिथे काहीच नाही, म्हणून नुसता पंखा फिरतोय. प्रोग्रामरने, म्हणजे चिपमध्ये फाइल भरायच्या यंत्राने, भरावी लागेल. जुनी फेकली नाही ना? मशीनचा सीरियल नंबर, विंडोजची लायसन्स की बहुतेक तिच्यातच असते. कंपनीच्या साइटवरच्या फाइलमध्ये ते येत नाही. आधी जुनी दोनदा वाचा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच पुढे जा.

नाना_६२: हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, फोटो सगळे वाचतात. माझ्या जावयाने केलं होतं.

राजवाडा_एक्सप्रेस: नाना, फोटोंचं कोण बोलतंय? जुनी चिप काडेपेटीत ठेवलीय. प्रोग्रामरही आहे, सीएच३४१ए, काळ्या बोर्डचा. रात्रीच उरकतो.

सुदामानगरकर: थांबा भिया! दोन्ही चिपांवरचे नंबर टाका आधी.

राजवाडा_एक्सप्रेस: जुनी २५क्यू६४एफडब्ल्यू, नवी २५क्यू६४एफव्ही. शेवटच्या अक्षराचा तर फरक.

सुदामानगरकर: सगळा घोळ तिथेच आहे. एफडब्ल्यू १.८ व्होल्टची. एफव्ही ३.३ ची, तिला निदान २.७ तरी लागतात. तुमच्या बोर्डवर तिला १.८ च मिळणार, म्हणजे बायोस भरूनही ती चालणार नाही. आणि जुनी चिप त्या काळ्या प्रोग्रामरला थेट लावू नका, त्याच्या डेटा पिनांवर ५ व्होल्ट येतात. मधे १.८ चं अडॅप्टर हवंच.

फ्लक्सप्रेमी: म्हणजे चिप पुन्हा काढणं आलं. आता तरी शिसं चढवा.

निवृत्त_फिटर: घरात लहान मुलं असतील तर शिसं कशाला? बिस्मथवालं सोल्डर १३८ लाच वितळतं. आणि शेजारच्या बारक्या कपॅसिटरांवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावा, नाहीतर हवेने उडतील.

फ्लक्सप्रेमी: बिस्मथचे सांधे ठिसूळ होतात.

निवृत्त_फिटर: काढण्यापुरतंच वापरायचं, मग सोल्डर शोषणाऱ्या वातीने पुसून घ्यायचं. कायमचं ठेवायला कोण सांगतंय?

राजवाडा_एक्सप्रेस: दुकानदार तर सेम टू सेम म्हणाला होता! १.८ चं अडॅप्टर कुणाकडे आहे का? आजच हवंय.

सुदामानगरकर: माझ्याकडे आहे. उद्या संध्याकाळी सातनंतर या, पत्ता मेसेज करतो. तोवर एफडब्ल्यूच शोधून ठेवा.

राजवाडा_एक्सप्रेस: येतो. बोर्डवरच्या चिपला लावायची क्लिप आणू का?

सुदामानगरकर: जुनी चिप सुटीच आहे ना? सॉकेटमध्ये बसेल. लॅपटॉपही घरीच राहू द्या.