मदत हवी आहे: नियामक टी पेशी असूनही मारक टी पेशी वाढतात कशा?

नमस्कार. बी.एस्सी.च्या वर्गाला रोगप्रतिकारशास्त्र शिकवताना एका मुद्द्यावर मी अडले आहे.

मारक टी पेशी विषाणूबाधित पेशीला चिकटून परफोरिन व ग्रॅन्झाइम ही पेशी नष्ट करणारी प्रथिने सोडतात आणि हा मारा निरोगी ऊतींवर उलटू नये म्हणून नियामक टी पेशी त्यांना आवर घालतात, इथपर्यंत चित्र स्पष्ट आहे. (जपानी शास्त्रज्ञ शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या या पेशींच्या संशोधनाला २०२५ चे नोबेल मिळाले, याचा मनापासून आनंद झाला.)

अडचण पुढे आहे. नियामक पेशींवर सीडी२५ हा ग्राहक (रिसेप्टर) सतत भरपूर असल्याने, टी पेशींना वाढायला लावणारे इंटरल्युकिन-२ हे आसपासचे संदेशक प्रथिन त्या शोषून घेतात. शिवाय सीटीएलए-४ या आपल्या प्रथिनाच्या साहाय्याने त्या डेंड्रायटिक पेशींवरील (टी पेशींना विषाणूचे अंश दाखवणाऱ्या पेशींवरील) सीडी८० व सीडी८६ हे टी पेशींना सक्रिय करणारे रेणू अक्षरशः ओढून काढतात. मग संसर्ग होताच मारक पेशींची संख्या इतकी झपाट्याने वाढते कशी? त्या स्वतः तयार करत असलेले इंटरल्युकिन-२ पुरेसे ठरते, की दाहाच्या काळात डेंड्रायटिक पेशींवर वाढणारे सीडी८० व सीडी८६ अधिक निर्णायक असतात?

उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे, फळ्यावर क्रमाने मांडता येईल असे उत्तर कोणी दिल्यास मी ऋणी राहीन.