मदत हवी आहे: कंटेम्पररी डान्सवर पोट भरतं का?

मंडळी, माझ्या भाचीची बारावी झाली. तिला कंटेम्पररीच (समकालीन शैलीचा नाच) करायचंय. ताई-भावजींचा विरोध नाही, पण 'पुढे काय?' हा घोर आहेच.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी मिळते, पण ती कथक-भरतनाट्यमची. माझं मत, तेच करावं. कंटेम्पररीतले नावाजलेले नर्तक अस्ताद देबूही आधी कथक शिकले, मग लंडनला गेले. कथकली पुढे गुरूंकडे शिकले. १९९५ला संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २००७ला पद्मश्री. पण अस्ताद देबू एखादाच! बाकीच्यांचं काय?

तिची सध्याची टीचर सकाळी झुंबाची बॅच घेते, दुपारी शाळेत गॅदरिंगचे नाच बसवते, संध्याकाळी क्लास. गुडघ्याला क्रेप बँडेज बांधूनच उभी असते. स्वतःच्या रियाजाला वेळ कधी मिळतो, देव जाणे.

या क्षेत्रातल्यांनी सांगा: शो नसतात त्या महिन्यांत कसं भागवता? दुखापत झाली तर खर्च डान्स कंपनी देते की आपणच? आणि एमए करून नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा दिली (तिच्या परफॉर्मिंग आर्ट्स विषयात नृत्य आहे), तर कंटेम्पररीवाल्याला कॉलेजात कुणी घेतं का?

तुमच्या कमाईचे आकडे इथे द्यायचे नसतील तर मेसेज केलात तरी चालेल.